तेलातला अ‍ॅसिटिलीन

"हे ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासायचंय, मॅडम. लई अर्जंट!" असं म्हणत तो आमच्या चितेगावच्या प्रयोगशाळेत शिरला आणि काचेची सिरिंज त्यानं तान्ह्या बाळासारखी माझ्या हातात दिली. सम्यक... शेंद्र्याच्या एका कारखान्यातला इंजिनिअर.

मी सिरिंज उजेडात धरली. "आत हवा शिरलीय. नवा नमुना आणा."

"इतक्या लांबून आलोय हो!"

"मग पुन्हा या."

"पुन्हा या म्हणताय?" तो हसला. "येतो की!"

मग तो दर महिन्याला येऊ लागला. काम दहा मिनिटांचं, चहा तासाभराचा.

"ट्रान्सफॉर्मरचं दुखणं तेलावरून कसं कळतं हो?"

"आत काही जळालं की वायू तयार होतात, तेलात विरघळतात. ते मोजायचे."

"माणसाचं कळतं का असं?"

मी यंत्राकडं बघत राहिले. कान मात्र तापले होते...

परवा मंगळवारी तो नमुना देऊन लगेच परत गेला. दुपारी आकडे आले. अ‍ॅसिटिलीन गेल्या महिन्यात शून्य होता, या वेळी दोनशे दहा! पुन्हा तपासलं — दोनशे चौदा. तेलात वीज कडाडत असल्याशिवाय हा वायू इतका होत नाही.

मी फोन लावला. "कुठं आहात?"

"ट्रान्सफॉर्मरपाशीच. बारीक आवाज येतोय —"

"बंद करायला सांगा! आत्ता!"

"साहेबांना विचारून —"

"सम्यक, पळ तिथून!"

"थांब... वच्छलाबाई गवत काढतायत तिथं..."

धावती पावलं ऐकू आली. मग धाड्‌कन आवाज... आणि काहीच नाही.

शेंद्र्यापर्यंत स्कूटी कशी चालवली, आठवत नाही. फाटकावर काळा धूर होता. भिंतीशी तो बसलेला, एका पायात बूट नाही. शेजारी वच्छलाबाई थरथरत होत्या.

"ओढून आणलं ह्यानं मला," त्या पुटपुटल्या.

मी त्याची बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली.

"विशाखा," त्याचे दात वाजत होते, "लग्न करशील माझ्याशी?"

मी थक्क झाले. "आत्ता? इथं?"

"नंतर धीर होणार नाय..."

"करीन," मी म्हणाले, आणि मग मलाच असं रडू फुटलं की बिचारा तोच मला धीर देत बसला.