आंतोनची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर आमच्या गावी या, क्रांतीमावशीला समोर बसवतो. फक्त तिला खोदून विचारू नका. रडते.

ह्याच मे महिन्यातला रविवार. दुपारचे तीन. म्हणजे भुताखेताची वेळ नव्हेच.

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात घराआड एक माणूस फौजेत आहे. रिटायर सुभेदार गणपतरावांना पिक्चरचं भारी वेड. त्यांनी कुठूनसा एक जुना जर्मन पिक्चर आणला. काळा-पांढरा, कादंबरीवरून काढलेला. कोवळ्या पोरांची एक तुकडी लढाईवर जाते, एवढीच गोष्ट. हायस्कूलच्या खिडक्यांना घोंगडी लावली आणि गणपतराव माइकवरून मराठीत सांगायला लागले.

मावशी पुढंच बसली होती. तिचा एकुलता एक आदर्श काश्मीरला, बर्फातल्या चौकीवर. पडद्यावरही बर्फच. त्यात आंतोन नावाचं एक पोरगं होतं. मोठ्या कानांचं, हुबेहूब आदर्शसारखं. ते मेलं तेव्हा मावशी हमसून हमसून रडली.

मग शेवटची हजेरी आली.

बर्फात अधिकारी वही घेऊन उभा.

"आंतोन!"

कुणी बोललं नाही.

"आंतोन!"

हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज...

आता आमच्याकडची रीत सांगतो. यात्रेला देवळासमोर फौजेतल्या पोरांची नावं पुकारतात. पोरगा सीमेवर असतो, म्हणून घरचं कुणीतरी 'हाय!' म्हणून ओरडतं. नाव रिकामं जाऊ द्यायचं नाही. गेलं तर अपशकुन.

तिसऱ्यांदा "आंतोन!" आलं, आणि मावशीच्या तोंडून निसटलंच.

"हाय!"

अख्खा हॉल हसला. मावशीनं लाजून पदरात तोंड लपवलं.

गणपतराव हसले नाहीत. ते पडद्याकडं बघतच राहिले...

अधिकाऱ्यानं मान वर केली. वहीत खूण केली.

"मी ह्यो पिक्चर चारदा बघितलाय," नंतर ते मावशीला म्हणाले. "तो वही मिटतोय, क्रांती. खूण करत न्हाय."

सोमवारी भर बारा वाजता मावशी भाकरी थापत होती. दारात बूट आपटल्याचा आवाज आला...

"कोण हाय?"

कुणी नाही.

उंबरा मात्र ओला. ऐन मे महिन्यात पाणी बर्फागत गार.

मंगळवारी तेच.

बुधवारी आवाज उंबऱ्याच्या आत आला. पावलं चुलीपर्यंत आली... आणि मावशीच्या पाठीशी थांबली.

मावशीचा धीर सुटला. मागं न बघताच तिनं हात जोडले.

"बाबा, तू फौजी माणूस. हितं बायकांच्यात तुझं काय काम? माझा आदर्श हाय की तिकडं बर्फात. त्याच्याकडं जा."

पावलं निघून गेली.

घर एकदम शांत झालं. सुटले बाई एकदाची, म्हणून मावशी दोन घास खाऊन निजली. आपण काय बोलून बसलो, हे तिला शनिवारी कळलं.

शनिवारी आदर्शचा फोन आला.

"आई, हितं कायतरी इचित्र चाललंय. आमी दहा जण, मी शेवटचा. गिनतीला मी 'दस' म्हटलं की मागनं कोणतरी 'ग्यारह' म्हणतंय. सगळ्यांनी ऐकलंय."

"मागं बघू नगंस!" मावशी किंचाळली.

"न्हाय बघत. पर आई..."

"काय रं?"

"आज मी तोंड उघडायच्या आधीच मागनं 'दस' आलं. साहेबांनी गिनती संपवली. मी तिथंच हुतो की गं. कुणी माझ्याकडं बघितलंबी न्हाय."

त्याला आता दहा दिवस झाले. मावशीनं अन्न सोडलंय. माझ्याच तोंडानं पोराची जागा देऊन बसले, म्हणते.

मधे दोनदा फोन आला. गिनती बरोबर भरते, असं आदर्श म्हणाला. सगळं ठीक आहे. आणि आता थंडी अजिबात वाजत नाही.

परवा तो रजेवर येतोय. हातकणंगले स्टेशनावर त्याला आणायला मीच जाणार आहे.

गाडीतून कोण उतरेल, हे मावशीला विचारायची माझी छाती होत नाही.